पाच सॉव्हरिनचा मुलगा : हॅरल्ड वॅगस्टाफ आणि रग्बीतली फाळणी

आज आपण ज्या खेळाडूबद्दल बोलणार आहोत, त्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. त्यात तुमचा काही दोष नाही. हॅरल्ड वॅगस्टाफ हे नाव इंग्लंडमध्येसुद्धा लिव्हरपूल ते हल या उत्तरेकडच्या पट्ट्याबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. पण त्या पट्ट्यात, विशेषतः यॉर्कशरमध्ये, जुन्या लोकांना विचारलंत तर ते म्हणतील की रग्बी लीगमध्ये असा कप्तान पुन्हा झाला नाही.

तो किती मोठा खेळाडू होता हे आपण बघणारच आहोत. पण आपल्याला त्याच्या कारकिर्दीतून एक प्रश्न सोडवायचा आहे. खेळून पैसे घेणं ही लाजेची गोष्ट आहे, असं एका अख्ख्या समाजानं ठरवलं होतं. मग त्याच समाजाला गरज पडली तेव्हा त्या लाजेचं काय झालं? वॅगस्टाफच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर एकदा फार स्पष्ट मिळतं. तिथपर्यंत जायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. रग्बी म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचं, समोरच्या रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीवर टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात. चेंडू हातानं फक्त मागच्या बाजूला किंवा आडवा द्यायचा, पुढे नाही. एवढं तुम्हाला माहीत असेल. पण रग्बी दोन आहेत हे आपल्याकडे सहसा माहीत नसतं. एक रग्बी युनियन, पंधरा जणांची. दुसरी रग्बी लीग, तेरा जणांची. लीगमध्ये गडी धरला गेला की त्याला सोडतात, तो उठतो, पायानं चेंडू मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. कबड्डीत धरलं की गडी बाद होतो. इथे धरलं की पुन्हा उठून उभं राहायचं. हे दोन खेळ वेगळे झाले ते नियमांवरून नव्हे. ते वेगळे झाले सहा शिलिंगांवरून.

त्याचं असं झालं. एकोणिसाव्या शतकात रग्बी हा बड्या निवासी शाळांमधला खेळ होता. वकील, डॉक्टर, कारखानदारांची मुलं तो खेळत. पुढे इंग्लंडच्या उत्तरेत, जिथे लोकरीच्या आणि सुताच्या गिरण्या होत्या, कोळशाच्या खाणी होत्या, तिथे तो कामगारांनी उचलला. गिरणीला शनिवारी दुपारनंतर सुट्टी असे, त्यामुळे शनिवारची दुपार हा खेळाचा वेळ झाला. मुंबईच्या गिरणगावात ज्यांनी भोंग्यावर चालणारं आयुष्य पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आता अडचण बघा. सामना दुसऱ्या गावात असला तर सकाळीच निघावं लागे. म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा. वकिलाला खाड्याची चिंता नसते, खाणकामगाराला असते. तेव्हा उत्तरेकडचे क्लब म्हणू लागले की बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. पगार नको, फक्त बुडालेला रोज.

१८९३ मध्ये लंडनला रग्बी फुटबॉल युनियनच्या सभेत हा ठराव आला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. दक्षिणेकडच्या सभासदांचं म्हणणं असं की पैसा आला की खेळातलं सभ्यपण जातं. त्यांचा हेतू सगळाच खोटा होता असं आपण म्हणणार नाही. काहींना खरोखर तसं वाटत असणार. पण ज्याला पैशाची गरज नाही त्यानं पैशाला नाक मुरडणं यात त्याग कसला, हे आपण विचारायला हवं.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्ड शहरातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांचे प्रतिनिधी जमले. तिथून २२ क्लबांची नॉर्दर्न युनियन नावाची वेगळी संघटना उभी राहिली. बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यायचे, एवढीच सुरुवातीची मागणी. १८९८ मध्ये उघड मानधन मान्य झालं. १९०६ मध्ये पंधराचे तेरा गडी झाले. रग्बी लीग हे नाव त्या संघटनेनं घेतलं ते बरंच पुढे, १९२२ मध्ये.

लंडनच्या युनियननं याला दिलेलं उत्तर कडक होतं. जो कुणी नॉर्दर्न युनियनमध्ये खेळेल, तो युनियनमधून कायमचा बाद. पैसे घेतले असोत वा नसोत. अशा खेळाडूबरोबर जो खेळेल तोही विटाळला. 'विटाळ' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय, कारण नियमाची चाल अगदी तशीच आहे. स्पर्श झाला की झालं.

आणि गंमत म्हणजे नॉर्दर्न युनियनसुद्धा आपण सभ्य आहोत हे दाखवायला धडपडत होती. त्यांनी १८९८ मध्ये मानधन मान्य केलं, पण सोबत अट घातली की खेळाडूचा दुसरा खराखुरा कामधंदा असला पाहिजे. दारूच्या गुत्त्यात वाढप्याचं काम, बिलियर्ड्सच्या टेबलाशी गुण मोजण्याचं काम, ही कामं त्यात धरली जात नसत. ही अट सात वर्षांनी, १९०५ मध्ये गेली. गुत्त्याचा हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो परत येईल.

अशा वातावरणात आपला मुलगा वाढला. हॅरल्ड वॅगस्टाफचा जन्म १९ मे १८९१ चा, होमफर्थ गावचा. होमफर्थ हडर्सफील्डच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत, लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथे अंडरबँक नावाचा स्थानिक क्लब होता, त्यात तो पोरवयातच खेळायला लागला. हडर्सफील्डच्या क्लबनं त्याला हेरलं आणि पाच सोन्याचे सॉव्हरिन देऊन करार केला. एक सॉव्हरिन म्हणजे एक पौंड, वीस शिलिंग. पाच म्हणजे शंभर शिलिंग, पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात. १० नोव्हेंबर १९०६ रोजी तो ब्रॅम्लीविरुद्ध पहिला व्यावसायिक सामना खेळला. वय १५ वर्षं १७५ दिवस.

त्या वयात आपल्याकडे मुलं दहावीच्या उंबरठ्यावर असतात. हा मुलगा खाणीत, गिरणीत काम करून हाडं जाड झालेल्या मोठ्या माणसांशी भिडत होता. आणि तो टिकला. २ जानेवारी १९०९ ला तो इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला तेव्हा १७ वर्षं २२८ दिवसांचा होता. पुढे हडर्सफील्डसाठी तो ४३६ सामने खेळला, १७५ ट्राय केले. मधे चार वर्षं युद्धात गेली हे धरून.

आकडे सांगितले, पण आकड्यांवरून हा माणूस कळत नाही. तो सेंटरच्या जागी खेळायचा, म्हणजे मधल्या फळीत. विंगवरच्या वेगवान गड्याला मोकळी जागा करून देणं हे त्या जागेचं काम. त्या काळी चेंडू मिळाला की लांब लाथ मारून पुढे ढकलायची रीत फार होती. वॅगस्टाफचं म्हणणं याच्या उलट. चेंडू आपल्या हातात असेपर्यंत समोरचा गुण करू शकत नाही, मग तो लाथेनं त्याला देऊन का टाकायचा? त्यामुळे हात बदलत, दिशा बदलत पुढे जाणं ही हडर्सफील्डची चाल झाली. धावता धावता दोघांनी एकमेकांना छेद देऊन जायचं आणि त्या क्षणी चेंडू द्यायचा, ज्याला कात्रीचा पास म्हणता येईल, तो रुळवण्याचं श्रेय त्यालाच देतात. आज कुठल्याही सामन्यात तुम्हाला तो दिसेल.

तो ज्या संघाचा कप्तान झाला त्याला 'सर्वगुणसंपन्नांचा संघ' अशा अर्थाचं टोपणनाव पडलं होतं. त्यातली माणसं बघा. एका विंगवर आल्बर्ट रोझनफेल्ड. सिडनीचा, ज्यू घरातला. १९०८-०९ च्या पहिल्या ऑस्ट्रेलियन दौऱ्याबरोबर इंग्लंडला आला आणि हडर्सफील्डलाच राहिला. १९१३-१४ च्या एका हंगामात त्यानं ८० ट्राय केले. तो विक्रम आजही मोडलेला नाही. पुढच्या फळीत डग्लस क्लार्क, कोळशाच्या धंद्यातला, कुस्तीगीर, कंबरलंडचा. गोल मारायला बेन ग्रोनो, वेल्सचा. या ग्रोनोची गोष्ट सांगायलाच हवी. लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर जानेवारी १९१० मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, इंग्लंड विरुद्ध वेल्स, आणि त्यात चेंडूला पहिली लाथ मारली ती ग्रोनोनं. युनियनच्या पंढरीत पहिला पाय त्याचा. त्याच वर्षी तो पैसे घेऊन हडर्सफील्डला आला आणि युनियनच्या लेखी संपला. आणि फुलबॅकला मेजर हॉलंड नावाचा गडी. तो सैन्यातला मेजर नव्हता हं, त्याचं नावच मेजर होतं.

अशी मंडळी एकत्र नांदवायची, तर कप्तान नुसता चांगला खेळाडू असून भागत नाही. वॅगस्टाफ यातल्या पुष्कळांपेक्षा वयानं लहान होता. पण संघ त्याचं ऐकायचा.

आता १९१४. या वर्षावर आपण जरा थांबू.

नॉर्दर्न युनियननं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर संघ पाठवला. कप्तान वॅगस्टाफ, वय २३. व्यवस्थापक होते जॉन क्लिफर्ड, हडर्सफील्डचेच, आणि त्यांच्या जोडीला जो ह्यूटन. पहिली कसोटी २७ जूनला सिडनीत झाली, ती ब्रिटिशांनी २३-५ अशी जिंकली. दुसरी दोनच दिवसांनी, २९ जूनला. ती ऑस्ट्रेलियानं १२-७ अशी घेतली. या दोन कसोट्यांच्या मधला रविवार म्हणजे २८ जून १९१४. त्या दिवशी सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. सिडनीत तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नसणार. तिथे चर्चा होती ती दुखापतींची.

तिसरी कसोटी खरं तर पुढे ऑगस्टमध्ये मेलबर्नला ठरली होती. पण मालिका १-१ झाली, गर्दी खेचणारा सामना तयार झाला, आणि ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांना तो सिडनीतच, लगेच हवा झाला. ४ जुलै. म्हणजे आठ दिवसांत तीन कसोट्या. पाहुण्यांचे कितीतरी महत्त्वाचे खेळाडू जायबंदी होते. क्लिफर्डनी विरोध केला. प्रकरण तारेनं इंग्लंडला गेलं आणि तिथून उत्तर आलं की खेळा. तारेत नेल्सनच्या ट्रफाल्गरच्या प्रसिद्ध संदेशाची आठवण करून देणारे शब्द होते, प्रत्येकानं कर्तव्य करावं अशा अर्थाचे. ज्यांना हे पाठवलं गेलं ते खाणीतले आणि गिरणीतले लोक होते, ज्यांना आपल्याच देशातला सभ्य समाज त्यांच्या खेळामुळे खालचं समजत होता. कर्तव्य मात्र नेल्सनच्या तोलाचं मागितलं गेलं. हा विरोधाभास तेव्हा कुणी बोलून दाखवला नसेल, पण आपण तो बघायला हवा.

क्लिफर्डनी जे तेरा जण उभे राहू शकत होते त्यांना एकत्र बोलावलं आणि त्यांच्याशी बोलले. मग संघ सिडनी क्रिकेट ग्राउंडवर उतरला.

एक गोष्ट ध्यानात घ्या. तेव्हा बदली खेळाडू ही सोयच नव्हती. ब्रिटिश रग्बी लीगमध्ये बदली खेळाडू आले ते १९६४ मध्ये. गडी जखमी झाला की संघ तेवढ्यानं कमी, बस. आणि विंगवरचा फ्रँक विल्यम्स अगदी सुरुवातीलाच पाय मुरगळून बसला. डग्लस क्लार्कचा आधी अंगठा मोडला, तो तसाच खेळत राहिला, मग गळ्याजवळचं हाड मोडलं. मध्यंतराला पाहुणे ९-० असे पुढे होते. मध्यंतरानंतर बिली हॉल डोक्याला मार लागून बाहेर गेला. म्हणजे दुसऱ्या सत्रात बराच वेळ तेराच्या जागी दहा जण. तीन गडी कमी असणं म्हणजे काय, हे तुम्ही कुठलाही सांघिक खेळ खेळला असाल तर सांगायला नको. रग्बीत मैदान जवळजवळ सत्तर मीटर रुंद असतं. दहा जणांनी ती सगळी रुंदी राखायची, आणि समोर ताजेतवाने तेरा.

अशा स्थितीत राखण करत राहावं असं कुणालाही वाटेल. पण याच वेळात वॅगस्टाफ चेंडू घेऊन फटीतून निसटला. पुढे सरकत सरकत त्यानं चेंडू दिला तो चिक जॉन्सनला. हा जॉन्सन पुढच्या फळीतला दणकट गडी, विंगवर उभा केलेला, कारण विंगवर उभं करायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. त्यानं चेंडू जमिनीवर टाकला आणि फुटबॉल खेळावा तसा पायानं रेटत रेटत, बचाव करणाऱ्यांना चुकवत, रेषेपलीकडे नेला. अंडाकृती चेंडू पायानं रेटायचा म्हणजे तो कुठे उसळेल याचा नेम नसतो. आल्फ वूडनं त्यावर गोल मारला, त्याचा त्या दिवसाचा चौथा. १४-०.

नंतर ऑस्ट्रेलियानं दोन ट्राय केले, एक सिड डीनचा आणि एक वॉली मेसेंजरचा. हॉल शेवटी शेवटी परत आला. निकाल १४-६. मालिका जिंकली.

हा सामना आजपर्यंत 'रॉर्क्स ड्रिफ्ट कसोटी' या नावानं ओळखला जातो. रॉर्क्स ड्रिफ्ट हे दक्षिण आफ्रिकेतलं ठाणं. १८७९ मध्ये झुलूंविरुद्धच्या युद्धात सुमारे दीडशे ब्रिटिश सैनिकांनी ते हजारो झुलू योद्ध्यांविरुद्ध टिकवलं होतं. नाव नेमकं बसतं हे खरं. पण आपण ज्या देशातून हे बघतोय तिथे या नावानं थोडं अडखळायला होतं. ते युद्ध इंग्रजांनी झुलूंच्या राज्यावर लादलेलं होतं. म्हणजे साम्राज्याच्या गौरवाचा एक तुकडा उचलून या कामगार खेळाडूंच्या अंगावर चढवला गेला. त्यांनाही तो आवडला असणार, यात शंका नाही. माणसाला मान हवा असतो, आणि जिथून मिळेल तिथून तो घेतो.

१ ऑगस्टला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडविरुद्धची कसोटी जिंकून दौरा संपवत आणला, आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं.

पुढचा हंगाम, १९१४-१५, युद्धातच खेळला गेला. त्यावर टीका झाली, खेळाडूंच्या मानधनात कपात झाली. त्या हंगामात हडर्सफील्डनं चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. यॉर्कशर कपच्या अंतिम सामन्यात हलला ३१-० नं हरवलं, विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात लीड्सला ३५-२ नं, चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सला ३७-३ नं. शिवाय यॉर्कशर लीग. चारही करंडक एका हंगामात जिंकणारे क्लब इतिहासात तीनच : १९०७-०८ चा हन्स्लेट, हा हडर्सफील्ड, आणि १९२७-२८ चा स्विंटन. चॅलेंज कपच्या त्या अंतिम सामन्याआधी सेंट हेलेन्सच्या खेळाडूंचा आपल्याच क्लबशी बोनसवरून वाद पेटला होता, मैदानात उतरायचं की नाही इथपर्यंत. ही बातमी ऐकून दक्षिणेतले लोक नक्की म्हणाले असतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? पण दोन-चार पौंडांसाठी भांडणारी ती माणसं लोभी होती की गरजू, हा प्रश्न कुणी विचारला असेल का?

१९१५ नंतर नॉर्दर्न युनियनच्या अधिकृत स्पर्धा थांबल्या. १९१६ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. वॅगस्टाफ आर्मी सर्व्हिस कोअरच्या मोटार वाहतूक विभागात दाखल झाला, आणि त्याची नेमणूक झाली लंडनजवळच्या ग्रोव्ह पार्क डेपोत. आता योगायोग म्हणा की कुणाची तरी युक्ती म्हणा, त्याच डेपोत रोझनफेल्डही होता, डग्लस क्लार्कही होता, बेन ग्रोनोही होता.

सैन्यात रग्बी खेळायची ती युनियनची. अधिकारी बड्या शाळांमधून आलेले, त्यांचा खेळ तोच. आणि मग त्या वर्षी लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियननं जाहीर केलं की सैन्याच्या आणि नौदलाच्या संघात नॉर्दर्न युनियनचे खेळाडू खेळले तरी चालेल. एकवीस वर्षं जो विटाळ मानला तो गणवेशाखाली झाकता आला. ग्रोव्ह पार्कचा संघ जो अधिकारी चालवायचा तो स्वतः ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रग्बी वर्तुळातला होता. त्याला चांगला संघ हवा होता, आणि चांगले खेळाडू कुठे आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

निकाल काय लागला? १९१६-१७ च्या हंगामात या संघानं २६ सामने खेळून २५ जिंकले. ज्या खेळाचा त्यांना वर्षानुवर्षं सरावच नव्हता, त्यात. समोर युनियनचे नावाजलेले, देशाकडून खेळलेले लोक होते. म्हणजे पैसे घेतल्यानं खेळ बिघडतो हा जो दावा होता, तो मैदानावर पार आडवा झाला.

इथे आपल्याला आपल्याकडचा एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. पाळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करता करता, इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकत तो डावखुरा गोलंदाज घडला. गोऱ्यांच्या संघाला हरवायचं होतं तेव्हा पुण्याच्या हिंदू संघानं या चांभार समाजातल्या खेळाडूला घेतलं. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ मध्ये तो भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले. वॅगस्टाफ तेव्हा वीस वर्षांचा होता. तुलना फार ताणू नये. जातीची शिवाशिव आणि वर्गाची अढी यांत फार मोठं अंतर आहे, वॅगस्टाफला कुणी वेगळं भांडं दिलं नाही. पण गरज असेपर्यंत नियम वाकतो आणि गरज संपली की पूर्ववत होतो, ही पद्धत मात्र दोन्हीकडे ओळखीची वाटते.

कारण युद्ध संपल्यावर नेमकं तेच झालं. बंदी पुन्हा लागू झाली. ग्रोव्ह पार्कच्या संघात ज्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळले, त्यांच्या मैदानात हे लोक परत बाहेरचे ठरले. मधल्या काळात काय काय घडलं होतं बघा. १९१४ च्या दौऱ्यातला आणि हडर्सफील्डच्या त्याच पुढच्या फळीतला फ्रेड लाँगस्टाफ १९१६ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. डग्लस क्लार्क पासेनडेलच्या लढाईत जखमी झाला, विषारी वायूनं होरपळला, त्याला मिलिटरी मेडल मिळालं. मोडलेल्या हाडाचा, जळलेल्या फुफ्फुसांचा हा माणूस परत आला आणि १९२० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात खेळला. देशासाठी मरायला हे लोक चालत होते. शनिवारी दुपारी पंधरा जणांची रग्बी खेळायला मात्र नव्हते.

वॅगस्टाफबद्दल या बाबतीत एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. तो युनियनचा दरवाजा ठोठावत बसला नाही. हडर्सफील्डला परत आला आणि आपला खेळ खेळू लागला. १९२० च्या दौऱ्यावर तो पुन्हा कप्तान होता. ती मालिका ऑस्ट्रेलियानं २-१ नं जिंकली. १९२१-२२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला आला तेव्हा ब्रिटिशांनी ती परत मिळवली, कप्तान तोच. तिशी ओलांडली होती, पंधराव्या वर्षापासून मार खाल्लेलं शरीर कुरकुरत होतं. १९२५ मध्ये तो निवृत्त झाला. एकाच क्लबसाठी जवळजवळ एकोणीस वर्षं.

निवृत्तीनंतर त्यानं हॅलिफॅक्स आणि ब्रॉटन रेंजर्स या क्लबांना प्रशिक्षण दिलं. आणि हडर्सफील्डमध्ये पब चालवला. तो गुत्त्याचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, तो हा. ज्या संघटनेनं एकेकाळी पबमधल्या कामाला काम मानलं नव्हतं, तिच्या सगळ्यात नावाजलेल्या कप्तानाला उतारवयात पोटासाठी पबच सापडला. त्यात कमीपणा नव्हता. त्या काळी पब चालवणं ही खेळाडूला मिळू शकणाऱ्या बऱ्यातल्या बऱ्या कामांपैकी एक गोष्ट होती. नाव असलं की गिऱ्हाईक येतं. सगळ्यांना तेवढंही जमलं नाही. ८० ट्रायचा विक्रम करणारा रोझनफेल्ड हडर्सफील्डच्या नगरपालिकेत कचऱ्याच्या गाडीवर काम करत होता. आज खेळाडूच्या निवृत्तीची कल्पना करताना आपल्या डोळ्यांसमोर समालोचनाची खुर्ची आणि जाहिराती येतात. तेव्हा 'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थ इतकाच होता की शनिवारच्या खेळाचे चार पैसे मिळायचे. आयुष्याची सोय त्यातून होत नव्हती. म्हणजे दक्षिणेतल्या मंडळींना ज्या पैशाची एवढी भीती वाटत होती, तो पैसा हा एवढा होता.

हॅरल्ड वॅगस्टाफ १९ जुलै १९३९ ला वारला. वय अवघं ४८. पुढे १९८८ मध्ये रग्बी लीगनं आपल्या सन्मानगृहाची सुरुवात केली, पहिल्या नऊ जणांत त्याचं आणि रोझनफेल्डचं, दोघांचं नाव होतं.

आणि त्याच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू झालेलं असताना, रग्बी फुटबॉल युनियननं पुन्हा एकदा जाहीर केलं की सैन्यात असलेल्या रग्बी लीगच्या खेळाडूंना युनियनच्या संघात घ्यायला हरकत नाही. ते युद्ध संपल्यावर तीही सवलत मागे घेतली गेली. युनियनच्या खेळात खेळाडूंना उघडपणे पैसे घ्यायची परवानगी मिळाली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, जॉर्ज हॉटेलातल्या त्या सभेला शंभर वर्षं पुरी होत होती त्याच आठवड्यात.